धापा टाकणारा लॅपटॉप

"बाई, रेकॉर्डिंगच्या वेळी तुमच्याकडे मिक्सर चालू होता का हो?"

यंदाच्या एप्रिलमध्ये एका मुलीचा असा फोन आला. ती नुकतीच बारावीत गेली आहे आणि तिला अजिबात दिसत नाही. पाठ्यपुस्तकाचं कसंही करून जमतं, पण इतिहासाच्या नोट्स, मासिकातले लेख, असं अवांतर कुणीतरी वाचून द्यावं लागतं. ते मी देते. निवृत्तीनंतरचा हा माझा आवडता उद्योग. शाळेत पस्तीस वर्षं मोठ्याने वाचण्यात गेली, घसा अजून शाबूत आहे. लॅपटॉपसमोर बसायचं, माइक लावायचा आणि वाचत सुटायचं.

तर मिक्सर नव्हता. तो माझ्या लॅपटॉपचा पंखा होता. मला त्याची सवय झाली होती, त्यामुळे जाणवतच नव्हता. पण ही मुलगी सगळं दीडपट वेगाने ऐकते (ही मुलं फार भरभर ऐकतात, आपल्याला शब्दसुद्धा कळणार नाही). त्या वेगात तो आवाज कानात शिट्टीसारखा घुसतो म्हणाली. "बाई, सनावळी ऐकूच येत नाही." इतिहासाच्या बाईंना याहून वाईट काय ऐकवणार?

आता माझी अडचण बघा. आम्ही मुलुंडला राहतो. समुद्राचा वारा आमच्यापर्यंत पोचता पोचता दमून जातो. शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडली आहे, त्यामुळे दिवसभर ड्रिलिंग. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी खिडक्या बंद. छताच्या पंख्याचा वारा माइकवर फरफरतो, म्हणून तोही बंद. म्हणजे शांततेसाठी मी खोलीची भट्टी करत होते, आणि भट्टी झाली की लॅपटॉप ओरडत होता. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसतं, ते 33 होतं. नंतर चिरंजीवांनी माहितीपत्रक वाचून दाखवलं. माझं यंत्र वापरायला योग्य तापमान 10 ते 35 अंश. बऱ्याच लॅपटॉपवर हेच आकडे असतात म्हणे. म्हणजे त्यांची जिथे हद्द संपते, तिथे आपला मे महिना सुरू होतो!

पहिल्यांदा गेले ते रीतसर सर्व्हिस सेंटरला. तिथल्या मुलाने यंत्र न उघडताच निदान केलं. बोर्ड बदलावा लागेल, 18,000 रुपये, त्यापेक्षा नवीन घ्या. चिरंजीव पुण्याहून म्हणाले, "आई, पाच वर्षं झाली, फेकून दे. पंखाच नसलेला घेऊन देतो." तसे लॅपटॉप मिळतात हे खरं आहे. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये 2020 च्या अखेरीपासून पंखाच नाही. फार तापला की तो मुकाट्याने वेग कमी करतो. पण त्याची किंमत ऐकून मीच तापले. आणि चालणारी वस्तू फेकायची, हे आमच्या पिढीच्या हातून होत नाही.

शेवटी स्टेशनजवळच्या गल्लीतल्या एका टपरीवजा दुकानात गेले. पंचविशीतला मुलगा. त्याने आधी विचारलं, "मावशी, हा ठेवता कशावर?" मी अभिमानाने सांगितलं, क्रोशाच्या रुमालावर. माझ्या हातचा आहे, दुहेरी घडीचा. तो हसला आणि यंत्र उलटं करून पोटाशी असलेल्या बारीक फटी दाखवल्या. यातून हा हवा आत घेतो. म्हणजे पाच वर्षं मी त्याच्या नाकावर रुमाल धरून बसले होते! अंथरुणात गोधडीवर ठेवून सिनेमे पाहिले, ते वेगळंच.

मग त्याने दहा स्क्रू काढून झाकण उघडलं आणि मला शेजारी उभं करून दाखवलं. मधोमध नखाएवढी चिप, तीच तापते. तिच्यावरून एक चपटी तांब्याची नळी जाते, उष्णता कडेला नेते. कडेला पत्र्याच्या दाट, बारीक पट्ट्या, आणि त्यांवर पंखा वारा घालतो. आपल्या जुन्या फ्रीजच्या मागची जाळी आठवा, तेच तत्त्व. (फ्रीज बसवायला आलेला माणूस बजावून गेला होता, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ते मी चाळीस वर्षं पाळलं, आणि इथे रुमाल घातला.) पंखा आणि पट्ट्यांच्या मध्ये राखाडी नमद्यासारखा थर जमला होता. शेजारच्या इमारतीचं सिमेंट, आमच्या चादरींचा कापूस, सगळं तिथे. चिप आणि नळीच्या मध्ये टूथपेस्टसारखी एक पेस्ट असते, ती सुकून खडू झाली होती. त्याने पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, कारण ब्लोअरच्या झोताने ती वेडीवाकडी फिरली तर पंखा बिघडू शकतो, आणि मग कचरा उडवला. नवी पेस्ट लावली. पाऊण तास, 700 रुपये.

जाता जाता आणखी एक गंमत केली. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 टक्के होती, ती 99 केली. मी म्हटलं, एका मार्काने काय होणार? तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये असं असतं म्हणे, की काम आलं की चिप आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा वर उडी मारते आणि त्या उडीतच खूप तापते. 99 केलं की ती उडीच मारत नाही. माझ्या कामाला उडीची गरज कुठे आहे? पहिल्या नंबरासाठी जीव टाकणारी मुलं वर्गात पाहिली आहेत मी. तसाच हा.

हे सगळं सांगायचं कारण, मला खरोखर राग आला आहे. लॅपटॉपने इतकं बारीक व्हावं असं कुणी सांगितलं होतं? 2008 साली स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला आणि तेव्हापासून ही बारीक होण्याची शर्यत जोरात लागली. जागा कमी म्हणून पंखा छोटा. छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायची तर जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून तो किंचाळतो. माझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरून पलंगापर्यंत प्रवास करतो. बोटभर जाड असता तर माझं काय बिघडलं असतं? माझी सून मात्र भांडते. गर्दीच्या लोकलमध्ये सॅक पोटाशी धरून उभी राहते ती, तिला वजनातला पावशेरही जाणवतो. तिचं बरोबर आहे. बारीक करा, हरकत नाही, पण उघडता येईल असा करा. कित्येक यंत्रांत हल्ली बॅटरी चिकटवलेली आणि मेमरी बोर्डालाच डाख मारून बसवलेली असते. आमच्या शिलाई मशीनबरोबर तेल कुठे घालायचं याचं चित्रासकट पुस्तक आलं होतं. लॅपटॉप वर्षातून एकदा आतून साफ करा, हे मला पाच वर्षांत कुणीही सांगितलं नाही.

फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसाठी दहापैकी किती गुण, हे छापावं लागू लागलं. वस्तूंना मार्क, मला ही कल्पना फार आवडली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. चांगलंच आहे. पण पोर्टलवर माहिती असून भागत नाही, दुकानात वस्तू हातात घेताना तिचे मार्क दिसले पाहिजेत. आणि यंत्र न उघडता 18,000 सांगणाऱ्याला शून्य. एवढं तरी मला द्यायला आवडेल.

असो. क्रोशाचा रुमाल आता टीव्हीच्या रिमोटखाली गेला आहे. लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली मी दोन खोडरबरं ठेवली आहेत, शाळेच्या डब्यातली उरलेली. रेकॉर्डिंग पहाटे साडेपाचला करते. ड्रिल बंद, हवा गार, खिडकी उघडी.

परवा मुलीचा फोन आला. "बाई, मिक्सर गेला. पण आता मागे कावळे आहेत."

कावळ्यांचं मी काही करणार नाही.