वाघाच्या मावशीची मोजदाद

पावसाळा सरून जंगल खुले झाले, की गोंदियाच्या स्टेशनावर हातभर लांब लेन्स घेतलेली मंडळी उतरू लागतात. त्यांना नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ हवा असतो. शहराला चिकटलेल्या कुडव्यात कुंपणावर ऊन खात बसलेल्या मांजरीकडे मात्र कुणी लेन्स वळवत नाही. वाघाची मावशी खरी. पण तिला पाहायला तिकीट लागत नाही ना!

भटक्या मांजरांचे फोटो काढणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो जबाबदार नागरिकाचा उद्योग वाटतो. २००६ पासून आपल्या व्याघ्रगणनेत कॅमेऱ्याने टिपलेल्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो; दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पट्ट्यापट्ट्यांच्या, ठिपक्याठिपक्यांच्या मांजरांचेही तेच. एकरंगी मांजर असेल, तर शेपटी, कान आणि जुने व्रण पाहावेत.

या जिल्ह्यात सारस पक्षी मोजले जातात. २०१९ च्या पशुगणनेत भटकी कुत्री आणि मोकाट गुरे मोजली गेली. मांजराला रकानाच नव्हता. धान तिथे उंदीर आणि उंदीर तिथे मांजर, हा या तांदळाच्या मुलखाचा जुना हिशेब. पण त्यातले मांजर कुठल्याच वहीत नाही. आणि जे वहीत नाही, त्याच्यासाठी पैसाही निघत नाही.

ही वही मोहल्ल्यातली पोरे भरू शकतात. हातातल्या मोबाईलने दोन्ही कुशींचा आणि कानांचा फोटो घ्यावा; तारीख आणि जागा लिहावी. अंगावर तीन रंग असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. मादी पाच-सहा महिन्यांत वयात येते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचे टोक छाटण्याची पद्धत आहे. म्हणजे नसबंदी कुठून सुरू करायची, हे वर्षभराच्या फोटोंवरूनच कळेल.

पथ्ये दोनच. डोळ्यांवर फ्लॅश मारू नये; आणि आई शिकारीला गेली असताना, फोटो छान येतो म्हणून पिल्ले उचलून बाहेर आणू नयेत.

नगरपालिकेपुढे ‘मांजरे फार झालीत’ अशी ओरड नेण्यापेक्षा चाळीस फोटोंची वही नेलेली बरी. ओरडीला आश्वासन मिळते. वहीला उत्तर द्यावे लागते.