जरी-तरीचा घोळ

परीक्षा जवळ आली की आपण गाइड उघडतो आणि साध्या वाक्याचे मिश्र, मिश्राचे संयुक्त करीत बसतो. गुण मिळतात, पण इंग्रजीत स्वतःचे एक वाक्य बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते.

'जरी पाऊस लांबला, तरी बाबांनी धूळपेरणी केली.' हे इंग्रजीत करताना मी 'ऑल्दो'च्या जोडीला 'बट' बसवला आणि वहीवर लाल फुली आली. मराठीत 'जरी'पाठोपाठ 'तरी' येतोच. इंग्रजीला दोहोंपैकी एकच पुरतो. म्हणजे ही चूक अडाणीपणाची नव्हे, मायबोलीच्या सवयीची आहे. मात्र ही गोष्ट लाल फुली सांगत नाही.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. दोन्ही भाषा शेजारी ठेवण्याची वाट जुनीच आहे. मग अरुणावतीचा पूर, कापसाचा भाव यांवर आपण रोज तीन वाक्ये का करू नयेत? साधे, मिश्र, संयुक्त. गुरुजनांनी ती दोन्ही भाषांत फळ्यावर मांडावीत. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चूक का झाली, हे घरी कोण सांगणार? ते वर्गातच कळायला हवे.