कागद हवा, पण कसून घेतलेल्या परीक्षेचा

आज ३० नोव्हेंबर, संगणक सुरक्षा दिन. १९८८ पासून पाळला जाणारा हा दिवस नंदुरबारला परका वाटायचे कारण नाही. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. पुढे रेशन, शिष्यवृत्ती, रोजगार हमीची मजुरी असे सारे त्या बारा आकड्यांना जोडले गेले. माहितीची राखण हा आता सातपुड्याच्या पायथ्याशीही रोजचा व्यवहार आहे. प्रश्न आहे तो राखणदाराची पारख कशी करायची, हा.

प्रमाणपत्राचे मोल या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. सरकारी भरतीच्या आशेने एमएस-सीआयटी केलेली मुले-मुली गावोगाव आहेत. पण तो अभ्यासक्रम संगणकाची तोंडओळख करून देतो. सुरक्षेच्या नोकरीला तेवढी शिदोरी पुरत नाही. तिथली मानाची प्रमाणपत्रे वेगळ्या घडणीची आहेत. सीआयएसएसपीसाठी परीक्षेबरोबर पाच वर्षांचा अनुभव लागतो. तो नसेल तर उत्तीर्ण होऊनही ‘असोसिएट’ एवढेच म्हणवता येते. दर तीन वर्षांनी, शिकत राहिल्याचा हिशेब देऊन, ते टिकवावे लागते. ओएससीपीत तर उमेदवाराने जवळपास २४ तास समोरच्या यंत्रणांत शिरून दाखवायचे आणि पुढच्या २४ तासांत अहवाल लिहायचा. घोकंपट्टीला तिथे वाव नाही. हजेरी भरली की हाती पडणाऱ्या रंगीत कागदाची आणि या प्रमाणपत्रांची बरोबरी होऊच शकत नाही.

कागदाने चोर थांबत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले. अशा वेळी कामी येतो तो वेळीच वेगळे काही हेरणारा माणूस. पण तो माणूस नेमायच्या आधी ओळखायचा कसा? पुण्या-मुंबईच्या मुलाला नामांकित कॉलेज असते, शब्द टाकणारा ओळखीचा असतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलीकडे यातले काहीच नसते. तिच्यासाठी तिऱ्हाइताने कसून घेतलेली परीक्षा हीच शिफारस. म्हणून प्रमाणपत्राची खरी गरज तिलाच अधिक आहे.

आणि नेमकी तिलाच ती परवडत नाही. सीआयएसएसपीचे शुल्क ७४९ डॉलर, म्हणजे साठ हजार रुपयांहून अधिक. आदिवासी विकास विभागाने होतकरू उमेदवारांचे असे शुल्क उचलावे. मात्र ज्या परीक्षेत प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते, तिलाच पहिला मान द्यावा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत सरावाच्या प्रयोगशाळा उभ्या कराव्यात. इथल्या सहकारी बँकांनी भरती करताना कोणती परीक्षा, कोणी घेतली, तीत काय करून दाखवले, हे विचारावे. मालकच हे विचारू लागले, तर क्लासवाल्यांनाही तेच शिकवावे लागेल.