रंग आतून, पाणी बाहेरून

दरवर्षी मे महिना आला की आमच्या कचेरीच्या तळघराला आतून रंग लागतो. ‘वॉटरप्रूफ’ म्हणे! जुलैत त्या रंगाला फुगे येतात, आणि दप्तरखान्यातल्या खालच्या कप्प्यातल्या फायली पंख्याखाली वाळवायचे काम आम्हा कारकुनांवर येते. त्यांत कुणाच्या मुंडकारीचा दावा असतो, कुणाच्या वाटणीचे कागद. शाई एकदा फुटली की फुटली.

मी कला शाखेचा पदवीधर. पण पाणी कुठल्या बाजूने येते हे कळायला अभियंता व्हावे लागत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिंतीबाहेर एक मीटर उंच पाणी साचले, तर तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब येतो. बाहेरून दिलेला थर हा दाब भिंतीवर घट्ट बसवतो. आतून दिलेला थर तोच दाब सोलून काढतो. मग पैसे आत का ओतायचे?

बरे, पाणी सगळ्या भिंतीतून येतच नाही. ते शिरते नळ, सांडपाण्याचा पाईप, विजेची केबल यांच्यासाठी पाडलेल्या भोकांतून, आणि फरशी व भिंत मिळते त्या सांध्यातून. भोक पाडणारा एका खात्याचा, बुजवणारा कुणाचाच नाही! मूठभर सिमेंट लिंपले की झाले. सिमेंट सुकताना आकसते, पाईप हलतो, आणि भोवती केसाएवढी फट राहते. तेवढी पुरते. तिथे हवे पॉलीयुरेथेनसारखे लवचिक सीलंट, भोक साफ करून, बाहेरून भरलेले. केबलच्या नळीचा उतारही बाहेर हवा. आमच्याकडे तो आत आहे, म्हणजे विजेबरोबर पाण्याचीही जोडणी मोफत.

‘बाहेरून करायचे तर खणावे लागेल, खर्च येईल,’ हे ठरलेले उत्तर. सगळीकडे खणायला सांगतोय कोण? आधी गच्चीवरचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी सोडणारा पाईप गटारापर्यंत न्या. भिंतीलगतच्या जमिनीला बाहेर उतार द्या. त्यानंतरही जिथे पाझरेल तिथेच खणा. आणि मागच्या पाच वर्षांची रंगाची बिले एकदा बेरीज करून पाहा.

आपल्या जुन्या घरांची जोती उंच असत, कारण चिरा पाणी पितो हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. तळघरे हवीत तर असोत. पण फटी बुजवायच्या त्या मे महिन्यात, माती कोरडी असताना. ओल्या भिंतीला बहुतेक सीलंटे धरत नाहीत.