दादा मिलिटरीत लागला?

मुलांनो, या आठवड्यात बिडकीनहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती आठवीत आहे. तिचा दादा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि उन्हाळ्याच्या सुटीत तो अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप करणार आहे. गावात मात्र बातमी वेगळीच पसरली : 'पोरगं मिलिटरीत लागलं!' शेजाऱ्यांनी पेढे मागितले. आजीनं डोळ्यांना पदर लावला, तिला वाटलं नातू निघाला सीमेवर. आणि दादाला काही विचारलं, की तो म्हणतो, 'तिथलं सांगता येत नाही.' मैत्रीण जाम रागावलीय. 'आजवर त्यानं माझ्यापासून काही लपवलं नाही. मग आताच काय झालं?' असं तिनं विचारलंय.

आधी आजीची काळजी मिटवू या. दादा सैन्यात चाललेला नाही. सैन्याला लागणारी साधनं शोधून काढणारी, तयार करणारी एक सरकारी संस्था आहे, संरक्षण संशोधन आणि विकास संस्था. सगळे तिला डीआरडीओ म्हणतात. 1958 साली ती सुरू झाली. तिथं काम करणारे बहुतेक लोक गणवेशातले नसतात, तुमच्या-आमच्यासारखे शर्ट-पँट, साडी, पंजाबी ड्रेस घालून डबा घेऊन कामावर जाणारे असतात. आपल्या महाराष्ट्रात तिच्या बऱ्याच प्रयोगशाळा आहेत. पुण्यात पाषाणला तोफा-रॉकेटांची, सुतारवाडीला स्फोटक पदार्थांची, दिघीला पूल आणि इतर यंत्रसामग्रीची. अंबरनाथला नौदलासाठी लागणाऱ्या साहित्याची. आणि बिडकीनकरांना सगळ्यांत जवळची म्हणजे नगरची व्हीआरडीई, वाहनांची.

या नगरच्या संस्थेची जन्मकथा मोठी गमतीची आहे, बरं का. तिची सुरुवात 1929 साली झाली ती रावळपिंडीजवळच्या चकलाला इथं. 1947 ला फाळणी झाली, चकलाला पाकिस्तानात गेलं आणि संस्था नगरला आली. तेव्हापासून सैन्याच्या गाड्या तपासण्याचं आणि नव्या बनवण्याचं काम इथं चालतं. गाड्याच का, 'निशांत' नावाचं वैमानिकाशिवाय उडणारं विमान आहे ना, त्याच्यासाठी देशात जे व्हँकेल इंजिन तयार झालं, त्या कामातही या संस्थेचा वाटा होता. या इंजिनात वर-खाली होणारा पिस्टन नसतोच. त्याच्या जागी एक तिकोनी तुकडा गरगर फिरतो. तुमच्या विज्ञानाच्या सरांना विचारा, ते फळ्यावर आकृती काढून दाखवतील.

आता दादा तिथं जाऊन करणार काय? रणगाडा चालवणार? छे! पहिले काही दिवस बहुधा तो वाचतच बसेल. मग एखादे शास्त्रज्ञ त्याला एक छोटंसं काम देतील. समजा, गाडीचा एक लोखंडी कंस आहे. गाडी खाचखळग्यांतून धावली, तर तो कुठं वाकेल, कितव्या धक्क्याला त्याला तडा जाईल, हे संगणकावर काढायचं, प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहायचं, तक्ते भरायचे, आलेख काढायचे. चुकलं, की पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? पण पाषाणच्या संस्थेनं तयार केलेला 'पिनाक' रॉकेट लाँचर घ्या. त्यातून 44 सेकंदांत 12 रॉकेटं सुटतात. त्याचं काम सुरू झालं 1986 मध्ये आणि 1999 च्या कारगिल युद्धात तो पहिल्यांदा रणांगणावर पोचला. चव्वेचाळीस सेकंदांच्या मागे तेरा वर्षं! त्या तेरा वर्षांत कुणीतरी असे कंस, असे स्क्रू, अशा वायरी एकेक करून मोजतच बसलं होतं की नाही?

आणि आता आमच्या मैत्रिणीचा राग. दादाच्या हातात मोठ्ठं गुपित येणार आहे, असं मुळीच नाही. डीआरडीओचा नियमच आहे, की विद्यार्थ्यांना सहसा गोपनीय नसलेल्या विभागांतच काम द्यायचं. मग तो गप्प का? तर छोट्या-छोट्या गोष्टी जोडूनही चित्र तयार होतं म्हणून. आज गेटमधून कुठली गाडी आत गेली, कुठल्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवा असतो, कोणते साहेब दौऱ्यावर गेलेत, यातली एकेक गोष्ट फुसकी. दहा जणांनी सांगितलेल्या अशा दहा गोष्टी कुणी एकत्र केल्या, की? म्हणूनच अशा ठिकाणी मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. अहवाल कॉलेजात देण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांना दाखवावा लागतो. 2023 साली पुण्यातल्या अशाच एका संस्थेच्या वरिष्ठ शास्त्रज्ञाला, इंटरनेटवर ओळख झालेल्या परक्या हेराला माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. खरं-खोटं न्यायालय ठरवील. पण एवढ्या अनुभवी माणसाच्या बाबतीत अशी वेळ येऊ शकते, तर एकवीस वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवसापासून जपून बोलायला सांगतात, यात नवल ते काय?

तेव्हा ताई, त्याला 'आत काय बघितलंस?' असं विचारू नकोस. मेसमध्ये भाजी कसली होती, रात्री झोप लागली का, घरची आठवण आली का, ते विचार. पहिल्यांदा घराबाहेर राहिलेल्या मुलाला याच गोष्टी कुणाला तरी सांगायच्या असतात, आणि त्यावर कसलीही बंदी नाही.

आई-बाबांशीही दोन शब्द बोलायला हवेत. पेढे जरूर वाटा, पण 'नोकरी लागली' म्हणून वाटू नका. ही नोकरी नव्हे. चार आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतचं हे शिक्षण असतं आणि ते संपल्यावर नोकरी देण्याचं कुठलंही बंधन संस्थेवर नसतं. विद्यावेतन काही ठिकाणी मिळतं, काही ठिकाणी नाही. राहण्या-जेवणाचा खर्च आधीच विचारून घ्यावा. बिडकीनच्या आसपास शेतं जाऊन कारखान्यांसाठी मोठी वसाहत उभी राहते आहे, त्यामुळे घराघरांत 'आता पोराचं कसं होणार' हीच चर्चा. अशा वेळी गावानं 'लागला, लागला' म्हणून डोक्यावर घेतलेला मुलगा दोन महिन्यांनी बॅग घेऊन परत आला, की लोक विचारतात, 'का रे, काढलं का?' त्यात त्याची काहीच चूक नसते. हे त्याच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आधीच सगळ्यांना खरं काय ते सांगून टाका.

पत्रात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे : 'मुलींना घेतात का?' अगं, घेतात म्हणजे काय! केरळातल्या टेसी थॉमस पुण्याला क्षेपणास्त्रांचं शिक्षण घ्यायला आल्या, 1988 मध्ये डीआरडीओत दाखल झाल्या आणि पुढे 'अग्नी-4' क्षेपणास्त्राच्या प्रकल्पप्रमुख झाल्या. 2011 च्या नोव्हेंबरात ते यशस्वीपणे उडालं. तुला अजून वेळ आहे. बारावीनंतर इंजिनिअरिंगला किंवा विज्ञानाच्या पदवीला गेलीस, की अर्ज आपल्या कॉलेजमार्फत त्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. जागा असेल आणि तिथल्या संचालकांनी मान्यता दिली, तर बोलावणं येतं. त्या वेळी कागदपत्रं तपासली जातात. तेव्हा आधार कार्डावरचं, दाखल्यावरचं आणि मार्कलिस्टवरचं नाव एकसारखं आहे ना, ते आजच बघून ठेव. स्पेलिंगचा घोटाळा असेल, तर तो निस्तरायला तालुक्याला बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतात, हं!