वाडा आता टेबलाएवढा झाला आहे



निळू फुले २००९ साली गेले. त्यांचा टोपीतला, तिरक्या नजरेनं बघणारा चेहरा मात्र अजून घरोघरच्या मोबाईलवर फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्या कित्येक मुलामुलींनी त्यांचा एकही चित्रपट पाहिलेला नसेल. चित्राखाली आपल्या मनानं एक ओळ लिहायची आणि दहा जणांना धाडायचं, याला मीम म्हणतात. त्यातली सगळ्यात जास्त फिरलेली ओळ तुम्हालाही पाठ आहे, ‘बाई, वाड्यावर या.’

असल्या टवाळीवर संपादकीय कशाला, असं आमच्यातल्याच एकीनं विचारलं. कारण आहे इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीहून आलेलं एक पत्र. लिहिणारी एका कार्यालयात कंत्राटी कामावर आहे. कार्यालयाचं नाव आम्ही छापत नाही, तिचं तर नाहीच. प्रवासभत्त्याच्या बिलावर सही मिळेना म्हणून तिनं कार्यालयाच्या ग्रुपवर दुसऱ्यांदा आठवण केली. उत्तरादाखल साहेबांनी निळूभाऊंचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘बिल घेऊन वाड्यावर या.’ बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले. तिनंही टाकला. ‘न टाकून सांगते कुणाला?’ असं ती लिहिते.

पुढच्या आठवड्यात तिच्या सहकारी मैत्रिणीनं बायकाबायकांच्या वेगळ्या ग्रुपवर तोच फोटो घेऊन लिहिलं, ‘सही? बघू. आधी चहा सांगा.’ कुणीतरी ते साहेबांना दाखवलं. दोन दिवसांत त्या मैत्रिणीच्या हातात वरिष्ठांची बदनामी केल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस पडली. पहिल्या चित्राबद्दल कुणीही कुणाला काही विचारलेलं नाही.

चित्र एकच, ओळही जवळपास एकाच जातीची. फरक आहे तो ओळ कुणी लिहिली याचा.

निळू फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले कार्यकर्ते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंबरोबर त्यांनी काम केलं. १९७५ च्या ‘सामना’मधला त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आठवा. साखर कारखाना, गाव, माणसं, सगळं आपल्या खिशात आहे असं मानणारा. तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा माणूस ऊसपट्ट्यातल्या प्रेक्षकाला वेगळा ओळखून द्यावा लागला नाही. त्यांच्या पडद्यावरच्या भूमिका पाहून बाया त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या म्हणतात. म्हणजे त्या सोंगाचा राग यावा म्हणून ते सोंग होतं. आज साहेब ते सोंग हौसेनं स्वतःच्या तोंडावर चढवतो, आणि राग येणारीला म्हणतो, तुम्हाला विनोद कळत नाही.

जुन्या पाटलाकडे निदान जमीन होती. आताचा वाडा टेबलाएवढा आहे. एक शिक्का, एक सही, हजेरीचं रजिस्टर, ग्रुपचं ॲडमिनपद. एवढ्यावर एका बाईचा महिना अडवता येतो. निरेच्या काठच्या उसात तोडणीला येणाऱ्या बायांना विचारा. तिथे मुकादमाच्या वहीतला एक खाडा म्हणजे उचलीतून कापलेले पैसे. म्हणून अंगावर दुखणं काढून कोयता चालवायचा. आणि ही खुर्ची नेहमी पुरुषाचीच असते असंही नाही. रात्री दहाला ‘माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा’ असा निरोप टाकणाऱ्या वरिष्ठ बाईही आपण पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल लिहायला आपला हात जड होतो, ते वेगळं.

अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले, ते उघड, मोर्चानं, संघटनेच्या जोरावर. निरवांगीच्या या दोघींमागे संघटना नाही. त्यांच्याकडे फक्त टवाळी होती. जात्यावर बसून सासूला, नणंदेला, दिराला नावं ठेवणाऱ्या बाईकडे तरी दुसरं काय होतं?

आमच्यात यावर मतभेद झाले. हा फोटोच नको, त्यातलं हसणं मुळात बाईच्या जिवावरचं आहे, असं काही जणींचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. वरून खाली टाकलेलं चित्र ही धमकी असते. खालून वर टाकलेलं तसं नसतं. पाटलाला पाटील म्हणणं हे तर त्या कलावंताचंच काम पुढे नेणं झालं.

आता कायद्याचं. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या १९९२ च्या अत्याचारानंतर १९९७ साली विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. लैंगिक छटेची शेरेबाजी त्यात येते, मग ती तोंडानं केलेली असो की फोनवरून. कंत्राटी, रोजंदारीवरची, मानधनावरची, बिनपगारी स्वयंसेविकासुद्धा त्यात येते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा असतो आणि आलेली तक्रार त्यानं सात दिवसांत समितीकडे पोचवायची असते. मुदत तीन महिन्यांची; कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

नुसती सही अडवणं मात्र या कायद्यात येत नाही. त्यात बाईपणाचा उल्लेख नसेल तर ती साधी अडवणूक, तिच्यासाठी वेगळा, लेखी अर्ज. दोन्ही एकाच कागदावर कालवू नका.

नोटिशीबद्दलही एक. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती. एकीनं लिहिलं, दुसरीनं फक्त पसंती दिली. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलमच रद्द केलं. त्यानं पोलिसांचा हात थांबला, साहेबाचा नाही. म्हणून खुलासा वेळेत द्या, थोडक्यात द्या, पोच घ्या. मूळ चित्र तारखेसकट जपून ठेवा, ग्रुप सोडण्याआधी.

आपापल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे या तिमाहीत प्रत्येक गटानं विचारून घ्यावं आणि आम्हाला कळवावं. ग्रुपवर आलेली चित्रंही पाठवा, नावं आणि नंबर खोडून. तुम्ही स्वतः केलेली असतील तर तीही.