पिंजऱ्याच्या किल्ल्या ज्यांच्या हाती

मुंबईची राणीची बाग दर बुधवारी बंद असते. त्या दिवशी तिकिटाच्या खिडकीपुढे रांग नसते आणि मुलांचा गलबलाही नसतो. परंतु पिंजऱ्यातल्या जनावराला बुधवार ठाऊक नसतो. त्याची जागा धुवावी लागते, पाणी बदलावे लागते, त्याने काल काय टाकले आणि काय खाल्ले हे पाहावे लागते. आपल्या देशातील अनेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपास घडवण्याची पद्धत आहे; त्या उपासाच्या दिवशीही त्यांच्यापाशी कोणाला तरी हजर राहावेच लागते. या माणसाला बोलीत कीपर म्हणतात, कागदोपत्री प्राणिपाल किंवा प्राणिरक्षक. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र तो खाकी गणवेशातला, बादली घेऊन जाणारा कोणी एक इसम असतो.

प्राणिसंग्रहालयांविषयी आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा दोनच प्रसंगी. नवा पाहुणा आला म्हणजे, आणि एखादे जनावर दगावले म्हणजे. जुलै २०१६ मध्ये राणीच्या बागेत आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांतला एक मरण पावला. दोन्ही वेळी खर्च, तापमान, कंत्राट यांवर पुष्कळ वाद झाले. लोकप्रतिनिधी बोलले, अधिकारी बोलले, प्राणिमित्र बोलले. परंतु या पक्ष्यांना रोज हाताने मासे भरवणाऱ्यांचे म्हणणे काय, हा प्रश्न त्या गदारोळात क्वचितच ऐकू आला. हा काही एका शहराचा दोष नव्हे. प्राण्यांचे हित कशात आहे हे ठरवताना त्यांच्याजवळ सर्वांत अधिक वेळ घालवणाऱ्या माणसाला विचारण्याची आपल्याला सवयच नाही.

जाणकार कोण?

वन्य प्राणी आपले दुखणे लपवतो. रानात अशक्त दिसणे म्हणजे शत्रूला आमंत्रण देणे. तो स्वभाव पिंजऱ्यात आल्याने सुटत नाही. त्यामुळे डॉक्टर येऊन पाहतो तेव्हा रोग बहुधा बराच पुढे गेलेला असतो. त्याआधीची चिन्हे बारीक असतात. बिबट्या आज हाकेला उठला नाही, हरिणीने कळपापासून चार पावले दूर बसायला सुरुवात केली, अस्वलाच्या येरझाऱ्या वाढल्या. ही चिन्हे कालचा, परवाचा आणि गेल्या पावसाळ्यातला प्राणी ज्याला आठवतो त्यालाच कळतात. बाझल आणि झ्युरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक हाइनी हेडिगर यांनी गेल्या शतकात प्राणी माणसापासून किती अंतर राखतो, कोणत्या अंतरावर पळतो याचा शास्त्रशुद्ध विचार मांडला. अनुभवी प्राणिपाल ते अंतर मोजपट्टीवाचून ओळखतो.

यावर कोणी म्हणेल की हा झाला अंदाज. आपुलकीपोटी माणसाला जनावर सुखी वाटू लागते. आक्षेप योग्य आहे आणि त्याची कसोटीही लागली आहे. निरनिराळ्या देशांतील प्राणिसंग्रहालयांतल्या दीडशेहून अधिक ओरांगउटानांविषयी त्यांच्या परिचारकांना एक लहान प्रश्नावली देण्यात आली. प्राण्याची मनःस्थिती एकंदरीत कशी असते, इतरांच्या सहवासात तो रमतो काय, असे तिचे स्वरूप होते. त्यांत एक प्रश्न असा होता की, आठवडाभर तुम्ही स्वतः हा प्राणी झालात तर किती सुखी असाल? पुढे सात वर्षे या प्राण्यांची नोंद ठेवण्यात आली. ज्यांना परिचारकांनी अधिक सुखी म्हटले होते ते प्राणी अधिक जगले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. वय आणि लिंग यांचा फरक हिशेबात घेऊनही हा संबंध टिकला. नीट विचारले आणि नीट लिहून घेतले, तर बादली उचलणाऱ्या माणसाचे मत हा शास्त्राला उपयोगी पडणारा पुरावा ठरतो, एवढे यावरून मान्य व्हावे.

तळमळीचा दंड

मग ज्याचे मत इतके मोलाचे, तो स्वतः आपल्या कामावर समाधानी आहे काय? अमेरिकेत बंडरसन आणि थॉम्प्सन या दोन प्राध्यापकांनी अमेरिका व कॅनडातील प्राणिपालांच्या मनोवृत्तीचा अभ्यास करून २००९ साली त्याचे निष्कर्ष मांडले. त्यांना आढळले ते असे: या लोकांपैकी बहुतेक पदवीधर, पगार तुटपुंजा, बढतीची वाट अरुंद, काम घाणीचे आणि अंगमेहनतीचे, तरीही पुष्कळांना आपण याच कामासाठी जन्मलो असे वाटते. ज्यांना ही ओढ अधिक, त्यांना आपले काम अधिक अर्थपूर्ण वाटते. परंतु तेच लोक पगार, वेळ आणि सुखसोयी यांवर पाणी सोडायलाही अधिक तयार असतात. आणि आपल्या या ओढीचा व्यवस्थापन गैरफायदा घेईल, अशी शंकाही त्यांनाच अधिक येते. ज्या तळमळीतून समाधान मिळते तीच तळमळ माणसाला पिळून काढण्याचे साधन होऊ शकते.

शिक्षकांना हे निराळे सांगायला नको. ‘आपला पेशा पवित्र आहे’ हे वाक्य त्यांना सहसा ऐकवले जाते ते पगारवाढ नाकारताना. प्राणिपालाची गत त्याहून अवघड, कारण तो संपावर गेला तर उपाशी राहणारा जीव त्याच्याच हाताकडे डोळे लावून बसलेला असतो. २०२० सालच्या टाळेबंदीत बागांचे दरवाजे बंद झाले. प्राणिपाल मात्र कामावर येत राहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले आणि मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना झाली. पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंचे आरोग्य एकाच श्वासात गुंतलेले आहे, हे तेव्हा जगाला कळले. एकाच्या प्रकृतीची हेळसांड करून दुसऱ्याचे कल्याण साधत नाही.

आपल्याकडे कायद्याची बाजू अगदीच लंगडी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, २००९ साली मान्यतेचे नवे नियम आले. पिंजरे मोठे झाले, खंदक आले, जागोजागी झाडी आली. प्राणिपालांसाठी प्रशिक्षणवर्गही भरतात. तथापि कार्यालयीन उतरंडीत हे पद आजही तळाशीच असते आणि अनेक ठिकाणी ते कंत्राटाने भरले जाते. कंत्राटी माणूस दर वर्षी बदलला तर प्राण्याला ओळखणारी स्मृतीच पुसली जाते. एका माणसाकडे पिंजरे अधिक आले की झाडलोट आणि खाणे उरकण्यातच पाळी संपते. ओंडक्यात खाऊ लपवून जनावराला शोधायला लावणे, घटकाभर नुसते त्याच्याकडे पाहत राहणे, ही कामे वगळली जातात. वास्तविक प्राण्याचा कंटाळा घालवणारी कामे तीच आणि कामात गोडी आणणारी कामेही तीच.

प्राण्यांना कोंडून ठेवणेच मुळात गैर, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे दुर्लक्षणीय नाही. परंतु पिंजऱ्यात जन्मलेला वाघ उद्या रानात सोडता येत नाही, आणि हा वाद मिटेपर्यंत त्याला रोज कोणीतरी सांभाळायचे आहेच. तोवर करण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. खाण्याच्या नोंदीबरोबर प्राण्याच्या वृत्तीचीही नोंद प्राणिपालाने आपल्या भाषेत लिहावी आणि डॉक्टरांनी ती वाचून सही करावी. नवा पिंजरा आखताना किंवा प्राणी दुसरीकडे पाठवताना प्राणिपालाला बैठकीत खुर्ची असावी. वर्षानुवर्षे सांभाळलेला प्राणी गेल्याचे त्याला बदलीच्या कागदावरून कळू नये. पद कायम असावे, अनुभवाबरोबर वेतन वाढावे, लशी आणि क्षयाची तपासणी नियमाने व्हावी.

ओरांगउटानांच्या त्या प्रश्नावलीतला एक प्रश्न आपल्या महापालिकांनी आणि वनखात्याने स्वतःलाही विचारून पाहावा. आठवडाभर तुम्ही त्या प्राणिपालाच्या जागी असता, तर किती सुखी असता? याचे प्रामाणिक उत्तर पुढील अंदाजपत्रकात दिसावे, एवढीच अपेक्षा.